पुण्याचे शिवस्मारक आणि युवराजांची भेट

इतिहासाच्या शालेय पुस्तकांत १९२१ सालच्या नोव्हेंबर महिन्याविषयी बहुधा एकच वाक्य आढळते : प्रिन्स ऑफ वेल्स हिंदुस्थानात आले, राष्ट्रीय सभेने त्यांच्यावर बहिष्कार घातला आणि मुंबईत दंगल झाली. वाक्यात खोटे काहीच नाही. परंतु मुंबईत हरताळ पडला त्यानंतर दोनच दिवसांनी, म्हणजे १९ नोव्हेंबर रोजी, पुण्यात याच युवराजांच्या हस्ते श्रीशिवछत्रपतींच्या स्मारकाची कोनशिला बसविण्यात आली, आणि हा समारंभ घडवून आणणारे पुरुष प्रत्यक्ष शिवछत्रपतींच्या गादीचे वारस, करवीरचे शाहू छत्रपती, हे होते, ही गोष्ट त्या वाक्यात मावत नाही. वर्गात एखादा चौकस विद्यार्थी ती कोठून तरी वाचून येतो आणि विचारतो, की ज्यांनी परकी सत्तेविरुद्ध राज्य उभारले त्यांच्या स्मारकाचा दगड परक्या राजपुत्राने बसवावा, हे महाराष्ट्राला रुचले तरी कसे ? या प्रश्नाला ‘रुचले नाही’ हे एक उत्तर आहे आणि ‘अनेकांना रुचले’ हेही एक उत्तर आहे. दोन्ही खरी आहेत. ती दोन्ही एकाच शहरात, एकाच दिवशी खरी कशी ठरली, हे सांगण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

प्रथम राजभेटींविषयी थोडेसे. इंग्रजी अमदानीत राजघराण्यातील व्यक्ती येथे आली म्हणजे तिचे काम पाहुण्याचे, शोभेचे आणि राजकारणापासून अलिप्त असे मानले जाई. निदान सरकार तसे म्हणत असे. व्यवहारात मात्र अशी भेट म्हणजे स्थानिक मानापमानांची मोजदादच असे. कोणी कोठे बसावे, मानपत्र कोणी वाचावे, कोणाच्या हातून कोणता समारंभ व्हावा, हे ठरविताना गावातील आणि दरबारातील जुनी भांडणे आपोआप वर येत. एरवी ज्यांना मौन पाळून राहता येई त्यांनाही त्या दिवशी हजर राहून किंवा गैरहजर राहून आपला पक्ष सांगावाच लागे. १८७५ साली त्या वेळचे युवराज ८ नोव्हेंबर रोजी मुंबईस उतरले, तेव्हा मल्हारराव गायकवाडांना पदच्युत करून जेमतेम सात महिने झाले होते, आणि मे महिन्यात दत्तक घेतलेले बारा वर्षांचे सयाजीराव बडोद्याच्या गादीवर होते. युवराजांनी त्याच महिन्यात बडोद्यास भेट दिली. त्या भेटीचा एक अर्थ असा होता, की झालेल्या फेरबदलावर खुद्द राजघराण्याची मोहोर उठली. पुढे १९११ च्या दिल्ली दरबारात याच सयाजीरावांनी बादशहांना मुजरा करताना शिष्टाचार पाळला नाही अशी ओरड झाली आणि त्यांना लेखी दिलगिरी द्यावी लागली. एका मुजऱ्यावरून एवढे वादळ उठले यावरूनच त्या दरबारी शिष्टाचारात किती राजकारण भरलेले होते ते ध्यानी येईल.

आता शिवस्मारकाकडे वळू. रायगडावरील समाधीच्या दुरवस्थेकडे लोकांचे लक्ष वेधण्याचे प्रयत्न एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात निरनिराळ्या लोकांनी केले. जोतीराव फुल्यांनी १८६९ साली शिवाजीराजांचा पोवाडा रचला, त्यात राजा हा कुळवाड्यांचा, कष्टकऱ्यांचा नायक म्हणून उभा आहे. १८९५ साली लोकमान्य टिळकांनी ‘केसरी’तून स्मारकफंडाची चळवळ उभारली, त्या वर्षी मे महिन्यात पुण्यास हिराबागेत मोठी सभा झाली आणि १८९६ च्या एप्रिलात रायगडावर पहिला उत्सव झाला. येथे शिवाजीराजे स्वराज्याचे आणि राष्ट्रीय उत्थानाचे प्रतीक झाले. पुढच्याच वर्षी जूनमध्ये पुण्यात शिवोत्सव झाला, त्यानंतर थोड्याच दिवसांत रँड साहेबांचा खून झाला, आणि टिळकांवर जो राजद्रोहाचा खटला चालला त्यात शिवोत्सवाच्या निमित्ताने ‘केसरी’त छापलेला मजकूर हाच मुख्य पुरावा होता. टिळकांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली. म्हणजे १८९७ साली शिवाजीराजांचे नाव मोठ्याने घेणे सरकारच्या लेखी राजद्रोहाच्या उंबरठ्यावर पाऊल टाकण्यासारखे होते. आणि चोवीस वर्षांनी त्याच सरकारने आपला युवराज त्याच राजांच्या स्मारकाची कोनशिला बसविण्यासाठी पुण्यास पाठविला. हा पालट कसा झाला ?

त्याचे एक कारण पुणे आणि कोल्हापूर यांच्या बिघडलेल्या संबंधांत आहे. हे संबंध मुळात वाईट नव्हते, हे विसरता कामा नये. करवीरचे चौथे शिवाजी महाराज यांना दिवाण बर्वे छळतात अशी तक्रार छापल्याबद्दल टिळक आणि आगरकर यांना १८८२ साली एकशे एक दिवस डोंगरीच्या तुरुंगात काढावे लागले होते. छत्रपतींसाठी तुरुंगात जाणारे हे पहिले पत्रकार. ते महाराज १८८३ साली अहमदनगरास वारले आणि १८८४ साली शाहू महाराज दत्तक आले. शतकाच्या अखेरीस वेदोक्ताचे प्रकरण उद्भवले. महाराज क्षत्रिय नाहीत, म्हणून त्यांच्या घरची धर्मकृत्ये वेदमंत्रांनी न करता पुराणोक्त मंत्रांनीच करावयाची, असा राजपुरोहितांचा आग्रह होता. बडोद्यास सयाजीरावांनी हा प्रश्न १८९६ सालीच आपल्या अधिकारात सोडविला होता. कोल्हापुरास तो चिघळला. टिळकांनी या वादात परंपरेची बाजू उचलून धरली, आणि महाराजांच्या मनाला जी जखम झाली ती शेवटपर्यंत भरून आली नाही. त्यात ताईमहाराज प्रकरणाची भर पडली. पुण्याच्या बाबामहाराजांच्या इस्टेटीचे एक विश्वस्त टिळक होते. त्यांच्या विधवा पत्नीने कोल्हापूरचा मुलगा दत्तक घ्यावा की टिळकांनी पाहिलेला, यावर जवळजवळ दोन दशके खटले चालले. प्रिव्ही कौन्सिलने १९१५ साली टिळकांच्या बाजूने निकाल दिला, पण तोवर एक दरबार आणि एक पुढारी यांच्यामधील वैर सर्व प्रांताच्या ओळखीचे झाले होते.

वेदोक्ताच्या वादाचा शिवस्मारकाशी संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध अगदी जवळचा आहे. १६७४ साली राज्याभिषेकाच्या वेळी शिवाजीराजांच्या क्षत्रियत्वाबद्दल हीच शंका काढण्यात आली होती आणि तिचे निरसन करण्यासाठी काशीहून गागाभट्टांना पाचारण करावे लागले होते. कोल्हापूरच्या छत्रपतींना वेदोक्ताचा अधिकार नाही असे म्हणणारा मनुष्य, त्याच्या इच्छेविरुद्ध का होईना, तीच जुनी शंका पुन्हा उकरून काढीत होता. अशा स्थितीत शिवाजीराजांच्या उत्सवात पुणेकरांनी पुढाकार घ्यावा, हे शाहू महाराजांच्या आणि त्यांच्याभोवतीच्या मंडळींच्या दृष्टीने विसंगत होते. शिवाजी कोणाचा, हा प्रश्न त्यांनी विचारला तो कुचेष्टेने नव्हे. १८९५ साली वर्गणी गोळा होऊ लागली, रायगडावर उत्सव झाले. पण पुण्यात स्मारक म्हणून दाखविता येईल असे काही पंचवीस वर्षांत उभे राहिले नाही, हा त्यांचा आक्षेप बिनतोड होता.

महाराजांनी १९०२ साली संस्थानातील नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखल्या, १९१३ नंतर कोल्हापुरात सत्यशोधक समाजाला आश्रय दिला, सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम १९१७ साली काढला. त्याच सुमारास अखिल भारतीय शिवाजी स्मारकाची कल्पना पुढे आली. तीत त्यांना ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांचे मोठे साहाय्य झाले. ग्वाल्हेरकरांची राजनिष्ठा विख्यात होती. महायुद्धात त्यांनी दिलेल्या रुग्णवाहक जहाजाचे नावच ‘लॉयल्टी’, आणि आपल्या अपत्यांच्या नावांना जॉर्ज व मेरी ही बादशहा-बेगमांची नावे जोडण्यापर्यंत ती गेली होती. आज याचे हसू येते. पण ज्यांची राज्ये एका रेसिडेंटाच्या अहवालावर तरत किंवा बुडत त्यांच्या राजनिष्ठेकडे पाहताना मल्हाररावांचे उदाहरण डोळ्यांपुढे ठेवावे.

पालटाचे दुसरे कारण महायुद्ध. मेसापोटेमियाच्या मोहिमेत गेलेले सहावे डिव्हिजन हे पुण्याचेच होते. त्यात एकशेतीन, एकशेदहा आणि एकशेसतरा क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या. कुट-अल्-अमाराच्या वेढ्यात, डिसेंबर १९१५ पासून एप्रिल १९१६ च्या अखेरीपर्यंत, या पलटणींनी उपासमार सोसली आणि शेवटी शत्रूच्या कैदेत हालअपेष्टा भोगल्या. एकशेसतराव्या पलटणीला पुढे ‘रॉयल’ हा किताब मिळाला. सातारा, कोल्हापूर, रत्नागिरीच्या खेड्यांत या मोहिमेची आठवण ताजी होती. सरकारला या लढवय्या वर्गाची कदर करावयाची होती आणि त्याला राष्ट्रीय सभेपासून दूरही ठेवावयाचे होते. म्हणून पुण्याच्या कार्यक्रमात दोन कोनशिला होत्या : एक शिवछत्रपतींच्या स्मारकाची, दुसरी महायुद्धात पडलेल्या मराठा सैनिकांच्या स्मारकाची. दोन्ही एकाच दिवशी, एकाच हातांनी. हे जुळवून आणण्यात जी मुत्सद्देगिरी आहे ती वाखाणण्याजोगी म्हणावी लागेल. १८९७ सालचा राजद्रोही शिवाजी १९२१ साली लढवय्या प्रजेचा पूर्वज म्हणून सरकारने आपलासा केला.

तिसरे कारण नव्या सुधारणांचे. १९१७ च्या ऑगस्टात माँटेग्यू साहेबांची घोषणा झाली, आणि कायदेमंडळात कोणास किती जागा मिळणार हा विषय गावोगाव निघाला. मुंबई इलाख्यात मराठे व तत्सम जातींसाठी सात जागा राखून ठेवण्यात आल्या. १९२० च्या सप्टेंबरात कलकत्त्यास आणि डिसेंबरात नागपुरास राष्ट्रीय सभेने असहकारिता स्वीकारली, त्यामुळे त्या वर्षीच्या निवडणुकीत राष्ट्रीय पक्षाने भाग घेतला नाही आणि मैदान नेमस्तांना व ब्राह्मणेतरांना मोकळे मिळाले. नेमस्तांपैकी रँग्लर परांजपे मुंबई सरकारात शिक्षणमंत्री झाले.

युवराज येण्याच्या सुमारास पुणे शहरात निदान चार तऱ्हेची माणसे होती, आणि त्यांच्यात परस्परांविषयी विश्वास फारसा नव्हता. पहिला गट टिळकांच्या अनुयायांचा. लोकमान्य १ ऑगस्ट १९२० रोजी निवर्तले होते. न. चिं. केळकरादी मंडळींना गांधींचा कायदेमंडळावरील बहिष्कार मनापासून पटलेला नव्हता. पण राष्ट्रीय सभेची शिस्त पाळणे त्यांना भाग होते. माझ्या मते युवराजांवरील बहिष्काराच्या बाबतीत या मंडळींना माघार घेणे अधिकच अवघड होते. कारण ज्यांच्यावर असहकारितेत कच्चे असल्याचा संशय असतो त्यांना आपली निष्ठा अधिक ठळकपणे दाखवावी लागते. दुसरा गट खऱ्या गांधीवाद्यांचा, पुण्यात संख्येने लहान. तिसरा नेमस्तांचा, गोखल्यांच्या परंपरेतील या लोकांना राजपुत्राचा अवमान हा असभ्यपणा वाटे. चौथा गट ब्राह्मणेतरांचा. त्यांची पत्रे नुकतीच निघाली होती. पुण्यात वालचंद कोठारींचे ‘जागरूक’ आणि श्रीपतराव शिंद्यांचा ‘विजयी मराठा’, बडोद्यास भगवंतराव पाळेकरांची ‘जागृति’. बडोद्याच्या वाचकांना हे नाव परके वाटणार नाही. या पत्रांतून पुण्यातील पुढारीपणाची कठोर झडती घेतली जात असे.

त्यांचा राग निराधार नव्हता. १९२० च्या आरंभी पुण्याच्या नगरपालिकेपुढे सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रश्न आला होता. मुली आणि मुले या दोघांनाही सक्ती असावी असे सुधारकांचे व ब्राह्मणेतरांचे म्हणणे. पैसा अपुरा आहे, म्हणून तूर्त मुलांपुरतीच सक्ती करावी असे टिळकपक्षाचे. या वादात सभा उधळल्या गेल्या, मिरवणुका निघाल्या. मुलींच्या बाजूने उभे राहिलेल्यांत विठ्ठल रामजी शिंदे अग्रभागी होते. आम्हां शिक्षकांना हा तपशील विशेष मोलाचा वाटावा, कारण या काळातील ‘ब्राह्मण-ब्राह्मणेतर वाद’ म्हणून जे काही सांगितले जाते ते बऱ्याच अंशी शाळेत कोणी बसावे याविषयीचे भांडण होते. बाबुराव जगतापांनी १९१८ साली पुण्यात मराठा मुलांसाठी हायस्कूल काढले ते याच जाणिवेने.

विठ्ठल रामजींचे नाव निघालेच आहे, तर एक गोष्ट नोंदवून ठेवतो. ते स्वतः मराठा, अस्पृश्यतानिवारणाचे आद्य कार्यकर्ते, आणि तरीही त्यांना राखीव जागांचे राजकारण पसंत नव्हते. १९१७ साली त्यांनी राष्ट्रीय मराठा संघ स्थापला तो राष्ट्रीय चळवळीत बहुजनसमाजाला आणण्यासाठी. तेव्हा जो तो आपल्या जातीप्रमाणे या बाजूला किंवा त्या बाजूला गेला, असे सरसकट लिहिणे इतिहासाला धरून होणार नाही. मुळशीचे उदाहरण तर याहून बोलके आहे. १९२१ च्या एप्रिलात, रामनवमीच्या दिवशी, पुण्यापासून काही कोसांवर मावळ्यांनी टाटा कंपनीच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह आरंभिला, आणि त्यांच्या पाठीशी पुण्याचे ब्राह्मण कार्यकर्ते होते. सेनापती बापटांचे नाव या लढ्याने सर्वतोमुखी झाले. काम काही महिने थांबले आणि डिसेंबरात पुन्हा झगडा पेटला. म्हणजे युवराज पुण्यास आले तो काळ या दोन टप्प्यांच्या मधला. एका बाजूस शिवाजीराजांच्या मावळ्यांचे स्मरण समारंभाने चालले आहे आणि दुसऱ्या बाजूस त्याच मावळातील शेतकऱ्यांची भातखाचरे पाण्याखाली जाण्याच्या वाटेवर आहेत, असा हा प्रसंग आहे. समारंभाच्या भाषणांत मुळशीला स्थान असणे शक्यच नव्हते.

१७ नोव्हेंबर रोजी युवराज ‘रिनाउन’ या युद्धनौकेतून मुंबईस अपोलो बंदरावर उतरले. गेट-वे ऑफ इंडियाची कमान तेव्हा बांधून व्हावयाची होती. त्याच दिवशी परळच्या एल्फिन्स्टन गिरणीच्या आवारात गांधींच्या उपस्थितीत विलायती कापडाची होळी झाली. युवराजांच्या व्यक्तीविषयी आपल्या मनात आकस नाही, त्यांचा उपयोग करून घेणाऱ्या नोकरशाहीचा आपण निषेध करतो, असे गांधींनी वारंवार सांगितले होते. पण रस्त्यांवर हा भेद टिकला नाही. स्वागताला गेलेल्या पारशी, ख्रिस्ती आणि यहुदी लोकांवर जमावांनी हल्ले केले, पुढे त्यांच्याकडून प्रतिहल्ले झाले, आणि काही दिवसांत पन्नासाहून अधिक माणसे मेली. गांधींनी १९ तारखेस उपोषण आरंभिले ते २२ तारखेस सोडले. बार्डोलीचा सामुदायिक कायदेभंग, जो त्याच आठवड्यात सुरू व्हावयाचा होता, तो त्यांनी पुढे ढकलला. ज्या दिवशी मुंबईत गांधींचे उपोषण सुरू झाले त्याच दिवशी पुण्यात शिवस्मारकाचा समारंभ होता, हे तिथींचे जुळणे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

मुंबईत रक्तपात चालू असताना पुण्यात समारंभ नीटपणे पार पडला. मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांना तो हवाच होता. दोन दिवसांपूर्वीच्या नाचक्कीवर पुण्याचा देखावा हा उतारा होता. शाहू महाराजांनाही तो हवा होता. ज्या शहराने आपल्या घराण्याचे क्षत्रियत्व शंकास्पद ठरविले त्याच शहरात, त्याच शहराच्या पुढाऱ्यांच्या बहिष्काराला न जुमानता, बादशहाच्या ज्येष्ठ पुत्राकडून आपल्या पूर्वजाला मान देवविणे हे वेदोक्ताच्या प्रकरणाला दिलेले उत्तर होते. बहिष्कारवाल्यांनी ज्याला लांगूलचालन म्हटले त्याची ही दुसरी बाजू होय.

येथे थोडे विषयांतर करतो. इंग्रजांनी संस्थानिकांना तोफांच्या सलामीची जी प्रतवारी लावून दिली होती तीत ग्वाल्हेर आणि बडोदे यांना एकवीस तोफा होत्या, आणि शिंदे-गायकवाड ज्यांचे सरदार त्या छत्रपतींच्या कोल्हापुरास एकोणीस. इंदूरच्या होळकरांनाही बाहेर एकोणीसच, आपल्या राज्यात मात्र एकवीस. मुलूख आणि उत्पन्न पाहून हे आकडे ठरले होते हे उघड आहे. पण त्यामुळे मराठी राज्याची जुनी उतरंड सरळ उलटी झाली. या आकड्यांची टोचणी करवीर दरबारास लागत असली पाहिजे असे मला वाटते. शिवस्मारकाच्या मांडवात मात्र तोफांच्या संख्येपेक्षा वंशाला महत्त्व होते. तेथे कोल्हापूर पहिले आणि ग्वाल्हेर दुसरे. राजभेटीचा असा उपयोग करून घेणारे शाहू महाराज भोळे राजनिष्ठ होते, असे म्हणणाऱ्यांनी या गोष्टीचा विचार करावा.

विरोधकांची बाजूही तितक्याच आदराने मांडली पाहिजे. ज्या सत्तेने १८३९ साली साताऱ्याच्या प्रतापसिंह छत्रपतींना गादीवरून काढून काशीस पाठविले आणि १८४८ साली ते राज्यच खालसा केले, तिच्या वारसाने शिवाजीराजांच्या स्मारकाचा दगड बसवावा, यात त्यांना स्वराज्याच्या कल्पनेची विटंबना दिसली. पंजाबातील अत्याचारांना तेव्हा तीन वर्षेही झाली नव्हती. या भावनेत खोटे काही नव्हते. त्यांचे चुकले ते असे, की समारंभाला जमलेला मराठा शेतकरी किंवा कुटहून परतलेला शिपाई तेथे का आला, हे त्यांनी समजून घेतले नाही. त्याला फितूर किंवा अडाणी म्हणून मोकळे होणे सोपे होते. आणि समारंभवाल्यांचे चुकले ते असे, की शिवोत्सवामुळे तुरुंगात गेलेल्या माणसाची आठवण त्यांच्या स्मारकात कोठेच नव्हती. मला विचाराल तर सरकारचा डाव या दोन चुकांच्या मधल्या जागेत साधला गेला. सरकारने हे भांडण निर्माण केले असे मी म्हणणार नाही. ते आपलेच होते, वेदोक्ताइतके जुने होते. सरकारने त्यावर मांडव घातला, एवढेच.

युवराज पुढे बडोदे, राजपुताना, अलाहाबाद, कलकत्ता, मद्रास, म्हैसूर, हैदराबाद, नागपूर, इंदूर, ग्वाल्हेर असे फिरत दिल्लीस गेले आणि १९२२ च्या मार्चात कराचीहून परतले. अलाहाबादेस रस्ते ओस पडले, मद्रासेस दंगल झाली. संस्थानांत मात्र स्वागत थाटाने झाले. तेथे हरताळाला वावच नव्हता, म्हणून त्या थाटावरून प्रजेच्या मनाचा अंदाज बांधणे बरोबर होणार नाही.

पुण्यातील वाद कोनशिलेखाली गाडला गेला नाही, उलट वाढला. शाहू महाराज ६ मे १९२२ रोजी मुंबईस कालवश झाले. स्मारक त्यांना पाहावयास मिळाले नाही. त्याच वर्षीच्या गणेशोत्सवात ब्राह्मणेतर तरुणांचा छत्रपती मेळा उभा राहिला आणि सन्मित्र समाज मेळ्याशी त्याच्या चकमकी झडू लागल्या. पुढे केशवराव जेधे नगरपालिकेत निवडून आले व १९२५ साली त्यांनी जोतीराव फुल्यांच्या पुतळ्याची मागणी केली, ती फेटाळली गेली. त्याच वर्षी दिनकरराव जवळकरांचे ‘देशाचे दुश्मन’ हे जहरी पुस्तक निघाले. त्यावरून झालेल्या खटल्यात पुढे डॉ. आंबेडकरांनी आरोपींची बाजू लढविली. एखाद्या शहरात कोणाचा पुतळा उभा राहावा आणि कोणाचा राहू नये यावर किती खोल मतभेद असू शकतात हे या चारपाच वर्षांत पुण्याने पाहिले. १९२५ च्या जूनमध्ये माधवराव शिंदेही पॅरिसला वारले. स्मारकाचे काम कोल्हापूरच्या राजाराम महाराजांनी पुढे नेले, आणि १९२८ च्या जूनमध्ये शिल्पकार वि. पां. करमरकर यांनी घडविलेल्या अश्वारूढ पुतळ्याचे अनावरण गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते झाले. भांबुर्डे हे गावाचे नाव मागे पडून तो भाग शिवाजीनगर म्हणून ओळखला जाऊ लागला. १९३२ साली तेथे मुलांची सैनिकी शाळाही निघाली. पुतळा पाहावयास येणाऱ्यांपैकी फार थोड्यांना त्याच्या कोनशिलेची हकीकत ठाऊक असते.

युवराज एडवर्ड १९३६ साली गादीवर आले आणि वर्ष पुरे होण्याच्या आत ११ डिसेंबर रोजी ती सोडून गेले. केशवराव जेधे तोपर्यंत राष्ट्रीय सभेत येऊन स्थिरावले होते. पुढे ६ फेब्रुवारी १९५६ रोजी संयुक्त महाराष्ट्र समितीची स्थापना झाली, त्या सभेचे अध्यक्षस्थान जेध्यांकडे होते, आणि सभा भरली होती ती पुण्याच्या टिळक स्मारक मंदिरात. ३० नोव्हेंबर १९५७ रोजी पंतप्रधान नेहरू प्रतापगडावर शिवछत्रपतींच्या पुतळ्याचे अनावरण करावयास गेले, तेव्हा याच समितीचे हजारो लोक, सीमाभागातील गावांतून आलेल्या माणसांसह, काळी निशाणे घेऊन वाटेवर उभे होते.